अंगण झाडून गेलेला चोर

१

माहेरच्या रविवारच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्या लिटल केनन चर्चच्या पायरीजवळचा लोखंडी हंडा नाहीसा झालेला दिसला, आणि दुपारच्या जेवणाच्या आत अख्ख्या सॉरेल बेंड गावानं माझ्या भावाला चोर ठरवूनही टाकलं.

हंडा काही सोन्याचा नव्हता हो. तीन पायांचा, काळाकुट्ट, कपडे उकळायचा हंडा. पण पासष्ट साली आम्हा काळ्यांच्या मतदार नोंदणीच्या सभा आमच्या चर्चमध्ये भरायच्या, बाहेर शेरीफची, म्हणजे पोलिसांची, माणसं गाड्यांत बसून कान लावून असायची, आणि आमच्या म्हाताऱ्या बायका हा हंडा दाराशी पालथा घालायच्या. पालथा हंडा आतलं बोलणं पिऊन टाकतो, असं त्यांना त्यांच्या आज्यांनी सांगितलेलं. त्या आज्या गुलामीत जन्मलेल्या. खरं-खोटं देव जाणे, पण त्या सभांमधला एक शब्द बाहेर फुटला नाही, हे सगळं गाव छातीठोकपणे सांगतं.

मी ओडेसा. व्हर्डेलमावशीच्या पार्लरमध्ये मी केस धुते आणि तोंड चालवते, दोन्ही फुकट. म्हणजे पगार मिळतो, पण मावशी म्हणते तो केसांचा आहे, तोंडाचा नाही. मावशी म्हातारी झाली, तरी केस सरळ करायचा तापवलेला कंगवा हातात घेतला की तिचा हात जराही थरथरत नाही. आणि समोर बसलेल्या बाईच्या डोक्यात काय चाललंय ते तिला केसांवरून कळतं, असं लोक म्हणतात. मला वाटतं, ती गप्प बसते म्हणून कळतं. मला ते जमत नाही.

उद्या माहेरचा रविवार. डेट्रॉइटला, शिकागोला गेलेले सगळे अलाबामात परत येणार, चर्चपुढे झाडाखाली जेवणं होणार, त्यामुळे पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मदर ओझेला ड्रायरच्या टोपीखाली कानातलं यंत्र काढून, डोळे मिटून बसली होती. मदर म्हणजे आमच्या चर्चची ज्येष्ठ बाई. ती पुढच्या बाकावरून नुसतं खाकरली तरी पाळकाचा उपदेश आवरता होतो. यंदा तिच्या मागे लागून लागून तिला पासष्ट सालच्या आठवणी सांगायला उभं करणार होते. इतक्या वर्षांत तिनं त्यातलं अवाक्षर काढलं नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि चक्क एक पुरुष आत आला. शनिवारी! बायकांनी डोक्यावरचे टॉवेल सावरले. चर्चचा कारभार बघणारे आमचे मुख्य डीकन पर्व्हिस होते, घामाघूम.

"हंडा गेला," ते म्हणाले. "आणि ओडेसा, तुझ्या रॉस्कोचा ट्रक आज पहाटे चर्चच्या अंगणात होता. माझ्या डोळ्यांनी पाहिलाय मी."

२

माझ्या हातातला नळ तसाच वाहत राहिला.

रॉस्को माझा धाकटा भाऊ. भंगाराचा धंदा करतो. आता भंगारवाल्याचा ट्रक आणि लोखंडी हंडा म्हटल्यावर लोकांना आणखी काय हवं? त्यात त्याची जुनी करणी सगळ्यांना ठाऊक. बायको गेली त्या वर्षी तो दारूत बुडाला होता, आणि एका दुपारी त्यानं तिचं शिवणयंत्र भंगारात घातलं. त्या यंत्रावर तिनं जनीलला शिवण शिकवलेलं. जनील ही त्याची एकुलती एक पोर. शाळेतून आली, यंत्राची रिकामी जागा बघितली. शाळा संपल्या संपल्या डेट्रॉइटला निघून गेली, ती बापाशी परवापरवापर्यंत बोललेली नव्हती.

दारू त्यानं केव्हाच सोडली. चर्चचं गळकं छप्पर तो नीट करतो, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेतो. उद्या त्याला डीकन करणार होते. पण आमच्या चर्चची रीत अशी, की नव्या डीकनसाठी त्याच्या घरातलं माणूस, बायको नाहीतर मूल, सगळ्यांसमोर उठून 'मी उभी राहते' म्हणतं. कुणीच उठलं नाही तर तो डीकन होत नाही. बहीण चालत नाही. मी विचारून पाहिलं, भांडूनही पाहिलं. त्यानं जनीलला फोन केला, पहिल्यांदा तिनं ठेवून दिला, दुसऱ्यांदा ऐकून घेतला. "येईन," म्हणाली, "पण उठेन की नाही ते सांगत नाही." आणि ती आता वाटेत होती.

"डीकन," मी म्हटलं, "तुम्ही त्याला हंडा उचलताना पाहिलंत?"

"हंडा नाही पाहिला. ट्रक पाहिला."

"मग ट्रकवर आळ घ्या की!"

"ओडेसा, टॉवेल दे," मावशी म्हणाली. म्हणजे गप्प बस. मग डीकनकडे वळून, "रॉस्को काय म्हणतो?"

"तेच तर! 'माझं काम होतं' म्हणतो. कसलं काम, विचारलं तर खाली मान. मिस व्हर्डेल, चार वाजता आम्ही डीकन मंडळी बसतोय. तोवर खुलासा झाला नाही, तर त्याचं नाव उद्याच्या कार्यक्रमातून काढावं लागेल. मलाही बरं वाटत नाही हो."

ते गेले. ड्रायर थांबला, मदर ओझेला टोपीखालून बाहेर आली. यंत्र अजून पर्समध्येच. काय गडबड झाली त्याचा तिला पत्ता नव्हता. आरशात बघून ती खूश झाली आणि म्हणाली, "व्हर्डेल, एक नेलपॉलिशची बाटली दे गं. बिनरंगाची."

मी मनात म्हटलं, जग बुडालं! नखं रंगवणं म्हणजे सैतानाला आवतण, असं हिनंच आम्हाला लहानपणी बजावलेलं. पण माझं डोकं कुठं ठिकाणावर होतं? बाटली दिली, ती मोठ्या आवाजात "देव भलं करो" म्हणत निघून गेली.

मावशीनं कंगवा विस्तवावरून उतरवला. उरलेल्या बायकांना म्हणाली, "बसा जरा. कुणी एकमेकींचे केस विंचरायला जाऊ नका." आणि मला घेऊन चर्चकडे निघाली.

३

आमच्या चर्चच्या अंगणात गवत नाही, जुन्या वळणाचं मातीचं अंगण, खराट्यानं झाडून आरशासारखं ठेवलेलं. पाळक थॅडियस तिथंच घुटमळत होते. बर्मिंगहॅमहून आलेले, वयानं तरुण, उत्साह दांडगा. हंड्यात पेटुनियाची फुलं लावण्याची कल्पना त्यांचीच. रंगीत दिसतं म्हणाले. काही म्हाताऱ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, पण नव्या पाळकाला बोलणार कोण?

"पाळकसाहेब, हंड्यातली तुमची फुलं कुठं गेली ते विचारा की आधी," मावशी म्हणाली.

"अं?"

मावशीनं काठीनं पायरीच्या बाजूला दाखवलं. पेटुनियाची रोपं ओळीनं जमिनीत लावलेली. मुळाशी माती दाबलेली, पाणीसुद्धा घातलेलं. एकानंही मान टाकली नव्हती.

"हे मी नाही हो लावलं!" पाळक म्हणाले.

"तुम्ही लावलं असतं तर इतकं सरळ नसतं," मावशी म्हणाली. "बरं, मॉन्टगोमेरीच्या संग्रहालयाशी तुमचं फोनवर काय चाललं होतं?"

पाळकांनी कॉलर सैल केली. मला वाटलं, सापडला! इतके दिवस बायका कुजबुजत होत्या की हा आपला हंडा काचेच्या कपाटात नेऊन ठेवणार.

"विचारलं होतं त्यांना, खोटं कशाला बोलू," ते म्हणाले. "पण ते म्हणाले, नुसता हंडा नको, तो वापरणाऱ्या बाईची हकिकत हवी. मदर ओझेलाशिवाय ती सांगणार कोण? म्हणून तर तिच्या मागे लागलो. आणि माझी कंबर बघा, पट्टा बांधलाय. हंडा दोघांनी उचलावा लागतो. मी तर खुर्चीही उचलत नाही."

पट्टा खराच होता. मावशी पुढे सरकली आणि जमिनीकडे बघत अंगणभर हिंडली. मीही बघितलं. खराट्याच्या रेघा पायरीपासून फाटकापर्यंत, अर्धगोल, एकावर एक. मधे कुठं कुठं पुसट दिसणारी एकाच चाकाची खोलगट रेघ, त्या रेघेवर खराटा फिरलेला. आणि त्या सगळ्यावर रॉस्कोच्या ट्रकच्या टायरांचे ठसठशीत ठसे.

"बघ, ठसे!" मी रडवेली झाले. "मावशी, संपलं सगळं."

"तुझ्या आईनं तुला अंगण झाडायला नीट शिकवलं नाही," मावशी म्हणाली. तिचा चेहरा चक्क उजळला होता. "चल, कोरिंथियाचे केस राहिलेत. आणि आज तू तिच्याशी बोलायचं नाहीस. नुसते केस धुवायचे."

४

कोरिंथिया म्हणजे डीकन पर्व्हिसची बायको. धडधाकट बाई, कोंबड्या पाळते, हसली की खिडकीच्या काचा वाजतात. आज मात्र खुर्चीत बसली ती हातरुमाल पिळत. डोकं धुताना मान इतकी आवळून धरलेली, की मला वाटलं लाकूड धुतेय.

मी बोलले नाही. जिभेला चावे घेतले, पण बोलले नाही.

शेवटी तीच फुटली. "ओडेसा, रॉस्कोनं नाही घेतला गं तो हंडा."

मी मावशीकडे बघितलं. मावशी कंगवा पुसत होती.

"आमचे हे उगाच बोंबलतायत," कोरिंथिया म्हणाली. "रॉस्कोनं नाही घेतला. शपथेवर सांगते."

"तुला असं वाटतं," मावशी म्हणाली.

"वाटत नाही, नाहीच घेतला!" मग ती एकदम थबकली. "म्हणजे... तो आता तसा राहिलेला नाही ना. बरं, मदर ओझेला येऊन गेली का?"

"सकाळीच."

"कुठं गेली काही बोलली? घरी नाही ती. दोनदा जाऊन आले. दार उघडं आणि आत कुणी नाही."

"काही काम होतं?"

"नाही बाई, काम कसलं!" आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "साबण गेला डोळ्यांत," म्हणाली.

साबण मी केव्हाच धुऊन काढला होता.

केस अर्धे ओले असतानाच ती उठून गेली. जाताना तिसऱ्यांदा विचारलं, मदर ओझेला दिसली तर निरोप द्याल का.

"हिनंच घेतला!" दार लागल्याबरोबर मी ओरडले. "मावशी, डीकनच्या बायकोनं! थांब, मी आत्ता जाऊन..."

"बैस खाली," मावशी म्हणाली. "तिच्या तोंडाला कुणीतरी कुलूप घातलंय आणि किल्ली तिच्याकडे नाही. किल्ली कुणाकडे आहे ते बघायचं." मग तिनं मला विचारलं, "ओडेसा, पाय खाजत असले तर त्यावर काय लावतात गं?"

"कसले पाय? इथं माझ्या भावाची अब्रू चाललीये आणि तुला..."

चार वाजायला आले होते. बाहेर एक गाडी थांबली. नंबरपाटी मिशिगनची, म्हणजे डेट्रॉइटकडची.

५

चर्चमध्ये डीकन मंडळी पुढच्या बाकांवर, रॉस्को एकटा समोर, टोपी हातात. मी आणि मावशी आत शिरलो आणि आमच्या पाठोपाठ जनील. आईसारखीच सरळ चालते. डीकन पर्व्हिसना ती दिसली नाही. ते बोलतच होते, "रॉस्को, शेवटचं विचारतो. तू हंडा भंगारात घातलास की नाही?"

जनील तिथंच थांबली.

"पुन्हा?" ती म्हणाली. एवढा एकच शब्द. पण रॉस्कोचा चेहरा असा झाला, की मला तिथं बघवेना. ती वळली, गाडीची किल्ली हातातच होती.

"पोरी, दहा मिनिटं थांब," मावशी म्हणाली. "एवढ्या लांबून आलीस, दहा मिनिटांनी डेट्रॉइट पळून जात नाही. पर्व्हिस, तुमच्या चोरानं पेटुनिया का लावल्या?"

"काय?"

"भंगारवाला हंडा उचलील, फुलं फेकून देईल. या चोरानं एकेक रोप काढून जमिनीत लावलं, पाणी घातलं. मग हंडा एकचाकी ढकलगाडीवर ठेवला आणि नेला. चाकाची रेघ आहे बाहेर. आणि जाताना अंगण झाडून गेला."

एक डीकन हसला. "चोर झाडून गेला?"

"हसू नका. आपल्याकडे चांगल्या घरची बाई मळकं अंगण मागे टाकून जाऊ शकत नाही. हात आपोआप खराट्याकडे जातो. चुकली ती तिथंच. रेघा पायरीपासून फाटकापर्यंत आहेत आणि त्यांच्यावर तिचं स्वतःचं पाऊल एकही नाही. म्हणजे मागे मागे चालत झाडलंय, जुन्या पद्धतीनं. आताच्या बायका पानं उडवायचं मशीन घेऊन फिरतात. तसं झाडणाऱ्या गावात दोघीच उरल्यात. एक मी. आणि मी नव्हते."

बाकांवरच्या माना दाराबाहेरच्या अंगणाकडे वळल्या.

"रॉस्कोच्या टायरचे ठसे त्या रेघांच्या वर आहेत, खाली नाहीत," मावशी पुढे म्हणाली. "झाडून झाल्यावर तो आला. तो आला तेव्हा हंडा गेलेलाच होता."

माझा जीव भांड्यात पडला. मी जनीलकडे बघितलं. ती अजून दाराशीच होती, पण किल्ली मुठीत मिटली होती.

"मग दुसरी कोण?" डीकननी विचारलं.

"आधी हे सांगा, तो हंडा कुणाला लागेल? विकून चार पैसे येत नाहीत. फुलं लावणाऱ्याला तो कुंडी. पण जिला काही बोलायचंय आणि कुणी ऐकायला नकोय, तिला तो हवा. इतकी वर्षं न बोललेलं उद्या कोण बोलणार आहे?"

"मदर ओझेला," पाळक पुटपुटले.

"पण ती एकटी हंडा उचलू शकत नाही!" डीकन पर्व्हिस म्हणाले. "तिला कुणीतरी..."

"मी!" मागच्या बाकावरून कोरिंथिया उठली. केस अजून अर्धे ओलेच. "मी ढकलगाडी ढकलली, काल संध्याकाळी! तिच्या फाटकापर्यंत. तिनं वचन घेतलं, हंड्याचं कुणाला बोलायचं नाही. का हवाय तेही सांगितलं नाही. सकाळपासून तिला शोधतेय, म्हटलं वचनातून मोकळी कर, तर ती सापडतच नाही! आणि तुम्ही गावभर बोंबलत सुटलात!"

डीकन पर्व्हिस हळूच बाकावर बसले. बायकोकडे, मग रॉस्कोकडे बघितलं. "बेटा," म्हणाले, "मला माफ कर." आणि मग, स्वभावच तो, "पण मग तू पहाटे इथं कशाला आला होतास?"

रॉस्को टोपी फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "उद्या गुडघ्यांवर बसायचंय ना. माझे गुडघे गेलेत. बसता येईल, पण उठता येतं का, ते बघायला आलो होतो. लोकांसमोर फजिती नको. तिच्यासमोर नको."

"आलं का उठता?" जनीलनं विचारलं. सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले.

"बाक धरून आलं," तो म्हणाला.

६

"पण ओझेला आहे कुठं?" डीकननी विचारलं.

"तिनं आज माझ्याकडून नेलपॉलिश नेलं," मावशी म्हणाली. "ओझेला आणि नेलपॉलिश! नखांना नाही लावणार ती. ते लाल किडे चावले की खाज थांबवायला आपण चाव्यावर काय लावतो? हेच. ते गवतातले, झाडावरून गळालेल्या शेवाळातले. ती काल कुठंतरी बराच वेळ बसली होती, आणि तिच्या घरामागून उतार थेट नदीवर जातो."

आम्ही सगळे उतरलो. खाली नदी उथळ होते, खडकांमधून पांढऱ्या लिली नुसत्या दाटून फुललेल्या. काठावर, फांद्यांवरून दाढीसारख्या लोंबणाऱ्या शेवाळाखाली, मदर ओझेला जुन्या चादरीवर बसली होती. शेजारी हंडा, पालथा. ती नदीला सांगत होती:

"...आणि त्या नोंदणीवाल्या साहेबांची जेवायची सुट्टी सकाळी नऊला सुरू व्हायची. आमचा नंबर आला की खिडकी बंद. माझी आई रोज धुतलेला झगा घालून जायची. मी म्हणायची, आई, दुसरा घाल, तर म्हणायची, नाव लिहायचंय, चांगलं दिसलं पाहिजे. मताचा कायदा झाला, खिडकी उघडी राहिली, तेव्हा आई राहिली नव्हती. त्याच झग्यात तिला..."

तिथं ती अडखळली. पुन्हा सुरुवातीपासून सुरू केलं. पुन्हा तिथंच अडखळली.

कोरिंथिया रडत होती. या वेळी साबणाचं नाव घेतलं नाही. मावशी पुढे गेली, ओझेलाच्या शेजारी बसली आणि तिच्याच पर्समधून यंत्र काढून तिच्या कानात घातलं. "ओझेला, आम्ही ऐकलं सगळं. हंडा फुटका आहे वाटतं."

ओझेलानं आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. "ही काय रीत झाली? बाईमाणसाला दोन शब्द पाठ करता येईनात!"

"मदर, हंडा चोरीला गेला म्हणून..." पाळक म्हणाले.

"चोरी? माझ्या आईचा हंडा आहे तो! सभेसाठी तिनं दिला होता. तुम्ही त्यात झाडं लावलीत, मला विचारलंत?" पाळक कंबरेचा पट्टा चाचपू लागले. "हे मी कधी बोलले नव्हते. हंडा नसताना बोलायला जीभ वळेना. म्हणून आणला. उद्या देणारच होते." मग तिला रॉस्कोचं कळलं आणि ती हादरली. "अरे माझ्या लेकरा! आणि मी इथं पाय खाजवत बसले होते!"

रविवारी ती बोलली. हंडा चर्चमध्ये आणायला लावला, पण पालथा नाही. "सुलटा ठेवा," म्हणाली, "आज बाहेर जाऊ दे." झग्यापाशी ती अडखळली. आम्ही सगळे थांबलो, आणि मग ती पुढे गेली, शेवटपर्यंत.

नंतर रॉस्को पुढे जाऊन गुडघ्यांवर बसला. पाळकांनी विचारलं, "या माणसासाठी त्याच्या घरातलं कोण उभं राहतं?"

कुणी हललं नाही. हातपंखेसुद्धा थांबले. रॉस्कोनं मागे वळून बघितलं नाही. मी माझ्या बाकाची कड इतकी घट्ट धरली, की नख मोडलं.

मग जनील उठली. "मी उभी राहते," ती म्हणाली. "पण बाबा, ऐकून ठेवा. आईच्या यंत्राचा राग गेलेला नाही माझा. तो मी ठेवणार आहे."

"ठेव, बाई," रॉस्को खाली मान घालूनच म्हणाला. "फक्त इतक्या लांब नेऊन ठेवू नकोस."

सगळ्यात आधी 'आमेन' म्हणाले डीकन पर्व्हिस. मग अख्खं चर्च. मी रडले का? अहो, पाळकसुद्धा रडत होते, मला एकटीला काय विचारता.